पहिल्या तेरा भागांनंतर

कामं आवरली असतील तर जरा टेकून बसा, आणि आवरली नसतील तर काम करता करता ऐका.

गेल्या महिन्यात आपल्या केंद्रावर एक श्रुतिका सुरू झाली, बचत गटाच्या कर्जावरची. चार भाग झाले आणि एका ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "राग मानू नका, पण तुमच्या श्रुतिकेतली सासू बँकेच्या साहेबासारखी बोलते. अशी सासू आमच्या गावात तरी नाही." आम्ही सगळ्या जणी हिरमुसलो. रात्री जागून लिहिलं होतं, दोघींनी तर मुलांना शेजारी झोपवून आवाज दिले होते. एक जण म्हणाली, "जाऊ द्या, बंदच करू या."

तेव्हा मला चाळीस वर्षांपूर्वीची एक मालिका आठवली. तिचीही सुरुवात अशीच झाली होती. ती पहिल्या तेरा भागांत अडखळली, आणि मग अशी चालायला लागली की साऱ्या देशाला तिनं जागेवर बसवलं. आज तिची गोष्ट सांगते. मालिकेचं नाव 'हम लोग'.

तुमच्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या जणींना नाव ऐकूनच काही चेहरे आठवले असतील. लहान मुलींसाठी सांगते. ७ जुलै १९८४ या दिवशी दूरदर्शनवर तिचा पहिला भाग दाखवला आणि १७ डिसेंबर १९८५ ला शेवटचा. सतरा महिने, दीडशेहून जास्त भाग. हिंदीतली ही आपल्या देशातली पहिली लांबलचक कौटुंबिक मालिका. आज संध्याकाळी सातपासून टीव्हीवर ज्या मालिका चालतात, त्या सगळ्यांची ही पणजी म्हणा ना.

त्या वेळी मी सहावीत होते. पुण्याजवळच्या आमच्या गावात दोनच टीव्ही होते, त्यातला एक सरपंचांच्या ओसरीवर. काळा-पांढरा. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मग कुणीतरी पोरगा कौलांवर चढून ॲन्टेना फिरवायचा आणि खालून बायका ओरडायच्या, "आलं, आलं... गेलं!" हिंदी अर्धं कळायचं, अर्धं सरपंचांची सून सांगायची. माझी आई यायची, आत्या यायची, आणि आम्ही पोरं पुढे पोत्यावर बसायचो.

आता टीव्ही तिथवर आला कसा, ते आधी थोडं सांगते, म्हणजे पुढची गोष्ट नीट लागेल.

आपल्या देशात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत, तोही प्रयोग म्हणून. मुंबईत यायला १९७२ उजाडलं. मग १९७५-७६ मध्ये एक मोठा प्रयोग झाला. उपग्रहाच्या मदतीनं सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत वर्षभर टीव्ही दाखवला. त्यात शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन, शाळेतल्या मुलांसाठी धडे असं सगळं होतं. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आपल्याकडे मुंबई केंद्राचं 'आमची माती आमची माणसं' लागायचं, शेतकऱ्यांसाठीचं. १९८२ मध्ये दिल्लीला आशियाई खेळ झाले, त्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम दिसू लागला. १९८४ साली तर काही महिने असे गेले की जवळजवळ रोज कुठे ना कुठे एक नवं प्रक्षेपण केंद्र उभं राहत होतं.

म्हणजे मनोरे उभे राहिले, टीव्ही पोचला. प्रश्न होता, त्यावर दाखवायचं काय? तोवर बातम्या, भाषणं, शेतीची माहिती आणि आठवड्यातून एखादा सिनेमा असायचा. सरकारला वाटत होतं की टीव्हीनं लोकांना काही शिकवावं. लोकांना वाटत होतं की त्यानं थोडं मन रमवावं. दोन्ही एकत्र कसं साधायचं?

त्याचं उत्तर फार लांबून आलं. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथे १९६९ मध्ये एक मालिका सुरू झाली. तिची नायिका मारिया ही खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण. ती लिहाय-वाचायला शिकते, शिलाई मशीन चालवायला शिकते आणि हळूहळू स्वतःच्या पायावर उभी राहते. ही मालिका काही शिकवण्यासाठी काढलेली नव्हती. पण ती बघून तिथल्या कितीतरी मुलींनी शिवणाच्या आणि साक्षरतेच्या वर्गांत नावं घातली, शिलाई मशीनचा खपही वाढला. आपल्यापैकी किती जणींच्या घराला शिलाई मशीननं हात दिला आहे! तेव्हा त्या मुलींना काय वाटलं असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मेक्सिको देशात मिगेल साबिदो नावाचे एक दिग्दर्शक होते. त्यांनी विचार केला, जे पेरूत नकळत घडलं ते आपण ठरवून घडवलं तर? त्यांनी १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेवर मालिका काढली. तिच्या एका भागात साक्षरतेची पुस्तकं कुठे मिळतात ते सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्या ठिकाणी हजारो माणसं लोटली. पुढे १९७७ मध्ये त्यांनी कुटुंब नियोजनावर मालिका केली. साबिदोंची रीत साधी होती. गोष्टीत काही माणसं चांगल्या वाटेनं जाणारी ठेवायची, काही वाईट वाटेनं जाणारी, आणि काही मधली, जी धडपडत धडपडत बदलतात. बघणारा त्या मधल्यांबरोबर चालतो. आणि भागाच्या शेवटी एखादं मान्यवर माणूस येऊन दोन शब्द बोलतं.

ही रीत आपल्या माहिती आणि प्रसारण खात्याचे त्या वेळचे सचिव एस. एस. गिल यांना पटली. आपल्याकडे अशी मालिका करायचं ठरलं. लिहायला घेतलं मनोहर श्याम जोशी यांनी. ते हिंदीतले नावाजलेले पत्रकार आणि कादंबरीकार. दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचं. निर्मितीची धुरा शोभा डॉक्टर या बाईंकडे होती. पैसा आला जाहिरातीतून. दोन मिनिटांत होणारे मॅगी नूडल्स तेव्हा बाजारात नवेच होते, आणि ते विकणारी कंपनी प्रायोजक होती. भागाच्या शेवटी बोलायला आले सिनेमातले अशोककुमार, सगळ्या देशाचे दादामुनी. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

सगळी तयारी चोख. आणि तरीही गाडी अडली.

गोष्ट होती मध्यमवर्गातल्या एका ओढगस्तीच्या घराची. बाप बसेसर राम, दारूडा. आई भागवंती, राबणारी, सोसणारी. आजी-आजोबा. थोरला मुलगा लल्लू, नोकरीच्या शोधात. धाकटा नन्हे, क्रिकेटच्या मागे. आणि तीन मुली, बडकी, मझली आणि छुटकी. एवढी मोठी घरधणी, एवढे ताण, गोष्टीला काय कमी? पण पहिल्या तेरा भागांत कुटुंब नियोजनाचा उपदेश इतका ठासून भरला होता की माणसं मागे पडली आणि उपदेश पुढे आला. दोन वाक्यं घरातली झाली की तिसरं वाक्य सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचं.

आमच्या ओसरीवर काय झालं ते मला पक्कं आठवतं. तिसऱ्या-चौथ्या भागाला आत्या उठली. म्हणाली, "हे तर नर्सबाई येऊन सांगतेच की. त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं?" आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. गावातल्या गड्यांना तो विषय नुसता निघाला तरी नको व्हायचा. ते पान थुंकायला म्हणून उठायचे ते परत यायचेच नाहीत.

असं फक्त आमच्या गावात झालं नाही. प्रेक्षकांची नाराजी दिल्लीपर्यंत पोचली. उपदेश फार आहे, गोष्ट पुढे सरकत नाही, अशा तक्रारी आल्या.

आता जरा मालिका करणाऱ्यांच्या बाजूनंही बघू या. त्यांच्यापैकी कुणीच असं काम आधी केलेलं नव्हतं. जोशींनी कादंबरी लिहिली होती, पण जी महिनोनमहिने संपतच नाही अशी गोष्ट त्यांनाही नवी होती. नट बरेचसे रंगभूमीवरचे होते. नाटकात एक भूमिका दोन-तीन तासांची, इथे तीच भूमिका सतरा महिने जगायची होती. सुरुवातीला लेखकाला नटाचा आवाज माहीत नसतो आणि नटाला आपलं पात्र माहीत नसतं. नव्या सुनेसारखं असतं ते. चुलीवर कुठल्या बाजूला जाळ जास्त लागतो, कुणाला भाकरी कडक लागते, कोण रागावलं की गप्प बसतं, हे कळायला काही महिने जावेच लागतात. पहिल्या दिवशी भाकरी करपली म्हणून कुणी सुनेला माहेरी पाठवत नाही.

दूरदर्शननं मालिका बंद केली नाही. तेरा भागांनंतर करणाऱ्यांनी वाट बदलली. कुटुंब नियोजनाचा आग्रह सौम्य केला. घरातली भांडणं, मुलींची लग्नं, हुंडा, दारू, बेकारी, सासू-सुनेचं नातं, बाईला घरात असलेलं स्थान, हे पुढे आणलं. उपदेश पात्राच्या तोंडून काढून पात्राच्या नशिबात घातला. दारू वाईट, असं कुणी म्हणायची गरज उरली नाही. बसेसर राम घरी यायचा तेव्हा भागवंतीचा चेहरा कसा व्हायचा, ते दिसत होतं.

आणि हे करता आलं याचं एक कारण फार महत्त्वाचं आहे. सिनेमा आधी पूर्ण तयार होतो, मग आपण तो बघतो. तो शिवून आणलेला ब्लाउज, बसला तर बसला. मालिका मात्र एकीकडे दाखवली जात असते आणि एकीकडे लिहिली जात असते. माप घेऊन, घालून बघून, काखेत उसवून पुन्हा टीप घालता येते. पण त्यासाठी घालणारीनं सांगावं लागतं की बाई, इथे घट्ट होतंय.

लोकांनी ते सांगितलं. पत्रं लिहिली. सतरा महिन्यांत सुमारे चार लाख पत्रं आली असं म्हणतात, आणि त्यातली बरीचशी अशोककुमारांच्या नावानं. त्या काळात पोस्टकार्ड १५ पैशांना मिळायचं. तरुण मुली त्यांना लिहायच्या की आमच्या पसंतीच्या लग्नाला घरचे नाही म्हणतात, तुम्ही आमच्या आईबापांना सांगा. दादामुनी भागाच्या शेवटी यायचे, मिश्कील हसायचे, दोन ओळींचं एखादं गमतीचं कवन म्हणायचे आणि भागातला प्रश्न आपल्यापुढे ठेवायचे. उत्तर द्यायचे नाहीत. उत्तरावरून ओसरीवर भांडण जुंपायचं, आणि घरी जाईपर्यंत ते चालायचं.

हळूहळू पात्रं घरची झाली. बडकी, समाजसेवा करणारी, डॉक्टर अश्विनीशी लग्न करावं की नाही अशा पेचात होती, तर अनोळखी माणसं तिला सल्ला देणारी पत्रं लिहीत होती. तिचं लग्न झालं तेव्हा अभिनंदनाच्या तारा आल्या. मझली सिनेमात काम करायच्या स्वप्नापायी मुंबईला पळून गेली आणि फसली, तेव्हा आमच्या ओसरीवर सन्नाटा पसरला होता. छुटकीला डॉक्टर व्हायचं होतं. तिच्याकडे बघून आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना डॉक्टर व्हायचं होतं. आणि दादी! ती भूमिका सुषमा सेठ यांनी केली होती. दादीला कॅन्सर झाला असं गोष्टीत आलं, आणि लोक हवालदिल झाले. प्रेक्षकांच्या आग्रहाखातर तिचं मरण पुढे ढकलण्यात आलं.

त्यासाठी एक कार्ड मीही लिहिलं होतं. माझ्या आत्यानं सांगितलं आणि मी लिहिलं. पहिल्या भागांना उठून जाणारी आत्या आता सगळ्यांच्या आधी येऊन बसत होती. तिला लिहिता येत नव्हतं. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत मी लिहिलं, "दादी को मत मारो." खाली आत्याचं नाव घातलं. कार्डावर जागा उरली होती. मी विचारलं, "अजून काही लिहू का?" आत्या थोडा वेळ कार्डाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "राहू दे."

ते "राहू दे" मला पुढे बरीच वर्षं कळलं नाही. कळलं ते भागवंतीमुळे.

मैत्रिणींनो, आता या गोष्टीतली अवघड बाजू सांगते. मालिका सुधारली, रंगली, देशभर गाजली. पण एक गोष्ट करणाऱ्यांनी ठरवली तशी झाली नाही. भागवंती ही आई त्यांनी मुद्दाम तशी रंगवली होती. नवऱ्याचं ऐकून घेणारी, सासूचं ऐकून घेणारी, स्वतःचं कधीच न बोलणारी. बघणाऱ्या बाईला वाटावं की असं जगायचं नाही, हा त्यामागचा हेतू. पण झालं उलटं. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी नंतर प्रेक्षकांशी बोलून या मालिकेचा अभ्यास केला. अनेक प्रेक्षकांना, आणि त्यात बायका होत्या, भागवंतीच आदर्श वाटली होती. सोशीक, घर धरून ठेवणारी, खरी भारतीय बाई.

आमच्या ओसरीवरही हेच. भागवंती रडली की बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि म्हणायच्या, "बाई असावी तर अशी." आत्याही म्हणायची. आणि आत्याचा नवरा संध्याकाळी कसा घरी यायचा, ते साऱ्या गावाला माहीत होतं.

मला वाटतं, त्या बायका चुकत होत्या असं म्हणून सोडून देणं बरोबर नाही. ज्या जगण्याकडे कुणी कधी वळून बघितलं नव्हतं, ते पहिल्यांदा टीव्हीवर आलं. देशातल्या लाखो माणसांनी ते बघितलं आणि हळहळ केली. आत्याला त्यात आपला मान दिसला असेल. या जगण्यातून बाहेर पडायची वाट असते, हे भागवंतीला बघून कळत नव्हतं. वाट दाखवली असती तर ती बघितलीही असती.

मग करणाऱ्यांना हे का समजलं नाही? पत्रं तर लाखांनी येत होती. इथे जरा थांबून विचार करा, पत्र लिहीत कोण होतं? ज्यांना लिहिता येत होतं ते. १९८१ च्या जनगणनेत देशातल्या दर १०० बायकांमागे साधारण ३० जणीच साक्षर होत्या, आणि खेड्यात त्याहून कमी. ज्यांच्या घरी टीव्ही होता, हातात लेखणी होती, ज्यांना कार्ड टाकायला कुणाला विचारावं लागत नव्हतं, त्यांच्या पत्रांनी मालिका घडली. भागवंतीसारखं जगणाऱ्या बायका ओसरीच्या मागच्या रांगेत बसून बघत होत्या. त्यांच्या कार्डावर दादीपुरतंच लिहिलं गेलं. उरलेली जागा कोरी राहिली.

'हम लोग' नंतरच्या मालिकांनी वेगळ्या बायका आणल्या. १९८५ मध्येच 'रजनी' आली. दिग्दर्शन बासू चटर्जींचं, आणि रजनी झाली आपली प्रिया तेंडुलकर. गॅसचं सिलिंडर वेळेवर मिळत नाही, टॅक्सीवाला हवं तिथे यायला नाही म्हणतो, अशा रोजच्या अडवणुकीला तोंड देणारी घरातली बाई. टॅक्सीचा भाग दाखवल्यावर मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांनी निषेध केला, एवढी ती झोंबली. १९८९ मध्ये कविता चौधरींची 'उडान' आली. त्यांनीच लिहिलेली, त्यांनीच दिग्दर्शन केलेली, मुख्य भूमिकाही त्यांचीच. त्यातली कल्याणी पोलीस अधिकारी होते. कथेचा आधार त्यांच्या सख्ख्या बहिणीचा होता, कांचन चौधरी भट्टाचार्य यांचा. त्या २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. एका राज्याच्या पोलीस दलाच्या प्रमुखपदी बसलेल्या देशातल्या त्या पहिल्या बाई.

पण मला आजच्या बोलण्यात मालिकांपेक्षा एक पत्र महत्त्वाचं वाटतं, आणि ते आलं रेडिओला.

१९९६ मध्ये आकाशवाणीवर 'तिनका तिनका सुख' नावाची मालिका लागायची. 'हम लोग' च्याच रीतीनं बांधलेली. त्यात पूनम नावाच्या मुलीचा हुंड्यासाठी छळ होतो आणि ती जीव देते. उत्तर प्रदेशातल्या लुत्सान या गावात एका शिंप्यानं पुढाकार घेतला आणि गावकरी ही मालिका एकत्र बसून ऐकू लागले. त्या वर्षाअखेरीला आकाशवाणीकडे लुत्सानहून एक पत्र आलं. साधं कार्ड नव्हतं ते, मोठ्या कागदावर हातानं लिहिलेलं पत्र होतं. आम्ही हुंडा देणार नाही आणि घेणार नाही, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली १८४ जणांच्या सह्या आणि अंगठे.

अंगठे! बारा वर्षांपूर्वी ज्यांचं म्हणणं दिल्लीपर्यंत पोचत नव्हतं, ते आता कागदावर उमटले होते. एकट्यानं लिहिता येत नव्हतं, तर सगळ्यांनी बसून ठरवलं, एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी अंगठा दिला. पुढे अभ्यासक त्या गावात जाऊन राहिले. एका पत्रानं सगळं गाव बदललं असं त्यांना दिसलं नाही. जुन्या आणि नव्या वागण्याची ओढाताण चालूच होती. पण बोलणं सुरू झालं होतं, आणि ते मिटिंगपुरतं नव्हतं, घराघरांत होतं.

त्यानंतर दहा वर्षांनी, २००६ मध्ये, सरकारनं गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची मोकळीक दिली. २००८ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आजच्या तेलंगणातल्या, माचनूरला 'संगम रेडिओ' सुरू झाला. तो दलित शेतकरी बायका चालवतात. ज्या बायका १९८४ मध्ये ओसरीच्या मागच्या रांगेत होत्या, त्यांच्यासारख्याच बायका माईकसमोर बसल्या. आपलं हे केंद्रही त्याच वाटेवरचं.

आता आपल्या श्रुतिकेकडे येते. आम्ही ती बंद करणार नाही. ज्या ताईंनी फोन केला, त्यांच्याकडे आम्ही दोघी जाऊन आलो. त्यांनी चहा दिला आणि तासभर त्यांच्या खऱ्या सासूबाईंना आमच्यासमोर बोलतं केलं. सासूबाई म्हणाल्या, "कर्जाचं मी काय बोलणार? मी तर आधी विचारते, हप्ता चुकला तर लोक दारात येतील का?" आमच्या चार भागांत हे एक वाक्य नव्हतं. पाचव्या भागात ते येणार आहे, त्यांच्या परवानगीनं आणि त्यांच्याच शब्दांत.

तुमच्याकडून एवढंच हवं आहे. श्रुतिका ऐकताना ज्या ठिकाणी कंटाळा येईल, ते ठिकाण लक्षात ठेवा. कुठलं पात्र खोटं बोलतंय असं वाटलं, ते सांगा. आवडलेलं तर सांगाच, पण ज्या पात्राकडे बघून "बाई असावी तर अशी" असं तोंडातून निघेल, तिच्याबद्दल गटात जरा जास्त वेळ बोला. ती तशी का आवडली? तिच्या जागी आपली मुलगी असती तर आवडली असती का? लिहिता येत असेल तर चिठ्ठी द्या, नसेल तर फोन करा, नाहीतर गटाच्या बैठकीला आम्हालाच बोलवा. रेकॉर्डर घेऊन येतो. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.

माझी आत्या आज नाही. पण असं वाटतं, त्या दिवशी मी "अजून काही लिहू का?" असं विचारून लगेच लेखणीचं टोपण लावायला नको होतं. थोडं थांबले असते, पुन्हा एकदा विचारलं असतं, तर तिनं कदाचित सांगितलं असतं. आता बैठकीत एखादी "राहू द्या ताई" म्हणाली, तर मी टोपण लावत नाही, बसून राहते.

पाचवा भाग पुढच्या मंगळवारी आहे. सासूबाई ऐकायला बसणार आहेत. तुम्हीही बसा. नमस्कार.